आक्कांनी मला बाजूला बसवलं

माझी गर्भपिशवी विटाळानं वाचवली.

वाचून तोंड वाकडं झालं असेल तर इथूनच स्क्रोल करा. आज मी कुणाची समजूत काढायच्या मूडमध्ये नाही.

आज पहाटे झरीला आमच्या आक्का गेल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई.

मी सांगतेय ती नामांतराची वर्षं होती. यष्टी आज चालू, उद्या बंद. विद्यापीठाला एक नाव द्यायचं म्हटलं तर आमच्याकडं माणसांची घरं जाळली गेली होती. कुणाला जवळ करायचं आणि कुणाला लांब ठेवायचं, सगळा तंटा त्याचाच.

आमच्या घरात लांब ठेवायला आम्ही बायका होतो.

माळकरी घर. पाळी आली की गोठ्याशेजारच्या खोलीत बाजूला बसायचं. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की लागा कामाला.

मी चोवीस वर्षांची. दोन पोरं अंगणात खेळत होती. तिसरी, मुलगी, सव्वा महिन्याची होऊन गेली.

तिचं नाव घरात कुणी काढायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं, आजतागायत कळलं नाही.

त्यानंतर माझं अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. ओटीपोटात कळा, झोपेचा पत्ता नाही. तरी पाचव्या दिवशी पाणी घ्यायचं आणि कापूस वेचायला जायचं.

परभणीच्या एका डॉक्टरांनी उभ्या उभ्या बघितलं आणि माझ्याशी नाही, सासऱ्यांशी बोलले. "दोन मुलं आहेत ना? मग पिशवी काढून टाका. कटकट मिटेल."

पिशवी माझी, कटकट त्यांची.

आमचे हे तेव्हा औरंगाबादला कंपनीत. मामंजींनी ऑपरेशनसाठी जीप ठरवली. मला नको होतं ते. पण नको म्हणायलाही अंगात जीव लागतो, तेवढा उरला नव्हता.

जीप दारात आली आणि आक्का उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"मामा, ती बाजूला बसली हाय. तिला जीपमदी शेजारी घेऊन बसता का?"

"पाच दिवस कवाच झाले की."

"अंगावरून जायाचं थांबलं न्हाई आजून. थांबेपस्तोर बाहेरच. नेम तुमचाच हाय, मी काय नवं सांगायलेय?"

मामंजी गळ्यातल्या माळेला हात लावून उभे. जीप रिकामी परत गेली.

त्या माणसानं आयुष्यभर पाळलेला नेम आक्कांनी त्यालाच पाळायला लावला.

दोन दिवसांनी आक्का स्वतःच वाकळ घेऊन माझ्या खोलीत आल्या. "मी बी बसले बाजूला."

दारातून सासूबाई म्हणाल्या, "दोघी एकदमच कशा गं?"

"नेम मामांचा हाय, त्यांनाच इचारा की."

सासूबाई चुलीकडं गेल्या.

आक्का करडईचं तेल कोमट करून माझे तळपाय, पाठ, डोकं चोळायच्या. मी सारखी दचकून उठायचे, कुणी हाक मारतंय असं वाटायचं.

"पड निवांत. कोण उठवायला आलं तर मी हाय."

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "पोरीचं नाव काय ठिवलं होतंस?"

त्यांना माहीत होतं. बारशाला पाळणा त्यांनीच म्हटला होता.

"नंदा."

"मोठ्यानं म्हण."

म्हटलं. आणि रडले. तोंडात पदर न कोंबता, पहिल्यांदा. आक्का नुसत्या पाठीवर हात ठेवून बसल्या. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी मी झोपलेलीच होते.

तेलानं आणि रडण्यानं रक्त थांबतं असं मी म्हणत नाही. आक्काही म्हणत नव्हत्या. मी जरा उभी राहिले तशी "माझ्या माहेरी नेते हवापालटाला" म्हणून त्यांनी मला पिंगळीला नेलं आणि तिथून रेल्वेनं थेट नांदेडला, एका बाईडॉक्टरकडं.

बाईंनी नीट तपासलं. "पिशवी चांगली आहे. अंगात रक्त नाही. गोळ्या घे, पोटभर खा. आणि हिला एवढ्यात कामाला जुंपू नका."

आज मी साठी ओलांडली. पिशवी जागेवर आहे.

परभणीत माझा बायकांचा क्लास चालतो. श्वास, आसनं, मालिश, रक्ताची तपासणी, आणि मनात कोंडलेलं बोलून टाकणं. पिशवी काढायला निघालेल्या बाईला मी आधी दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवते. लोक विचारतात, मॅडम, हे होलिस्टिक वगैरे कुठं शिकलात?

सर्टिफिकेट पुण्याचं आहे. शिकले गोठ्याशेजारी.

आता आज सकाळचं ऐका.

झरीला पोचले तर आक्कांची नातसून पूजा अंगणाच्या कडेला एकटी रडत उभी. शेवटची दोन वर्षं आक्कांना भरवणं, धुणं, फिरवणं हिनंच केलं.

"आत का नाही गं?"

"आजी, माझी अडचण हाय. शिवू नको म्हणालेत."

माझं डोकंच फिरलं. तिचा हात धरला, आत नेलं आणि करडईच्या तेलाची वाटी तिच्या हातात दिली. म्हटलं, लाव आक्कांच्या पायांना.

एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "आवो, इटाळ व्हतोय."

"होऊ द्या. त्याच इटाळानं मी जिवंत हाय."

पूजानं आक्कांच्या तळपायांना तेल चोळलं. रडली, मोठ्यानं. मी तिला गप्प केलं नाही.

आक्का, माझं आणि पूजाचं, दोघींचं हे शेवटचं वंदन.

पडा आता निवांत. कोण उठवायला आलं तर मी हाय.