भिंगारच्या मामांचा डबा

भिंगारचे आमचे मामा गाणं कानाने कमी आणि पायाने जास्त ऐकायचे. गाणं मनासारखं लागलं की डोळे मिटायचे आणि टाच फरशीवर पडायची, ठक, ठक. त्यांना स्वतःला याचा पत्ताच नसे.

मामा मिलिटरीच्या डेपोत स्टोअरकीपर होते. रिटायर झाले आणि या नादाला असे लागले, की हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. कॉम्प्युटर, आकड्यांचं गाणं करणारा डॅक, अॅम्प्लिफायर, हे भलेमोठे स्पीकर. त्यात कुरिअरने आणखी एक काळा डबा आला. रीक्लॉकर म्हणे!

"अरे, कॉम्प्युटरमधून निघालेले आकडे म्हणजे पाय चुकलेली पलटण! हा डबा हवालदार. सगळ्यांची पावलं जुळवतो आणि मगच डॅककडे सोडतो." हे भाषण घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे, मग तो लाइटचं मीटर बघायला आलेला का असेना.

मामी कर्जतकडची. तिला हे काही पटेना. "आदीबी गानंच वाजत हुतं, आताबी गानंच वाजतंय. मी भितीकडं तोंड करून बसते. डबा कवा लावला, कवा काढला, मला वळखू आलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर परत धाडा, आन् त्या डब्याखालचं टेबल माझ्या शिलाई मशीनला द्या."

मामांचं तोंड एवढंसं झालं. पण शब्द दिला.

रविवारी दुपारी मामी भिंतीकडे तोंड करून शेंगा फोडत बसली. मी डबा मध्ये जोडायचो, नाहीतर काढून वायर सरळ डॅकला लावायचो. मामांनी बोलायचं नाही, असं ठरलेलं.

"हाय," मामी म्हणाली. मग "न्हाई." पुन्हा "न्हाई." मग "आता हाय."

एकदाही चुकली नाही! मामा नाचायचेच बाकी होते. संध्याकाळी सगळ्या बाजारात सांगून आले, "आमच्या हिचे कान म्हणजे कान!"

मी स्वयंपाकघरात मामीला गाठलं. "खरंच फरक कळला?"

"कळतंय डोंबल! डबा लागला की ह्यांची टाच वाजती. मी तीच ऐकत हुते."

"आणि मशीन?"

"मावंल हितंच कुटंतरी. किती खूश हायेत, बघ की जरा. खबरदार त्यांना सांगितलंस तर!"

मी कधीच सांगितलं नाही. मामा गेले तेही तिच्या कानांचं कौतुक करत करतच.

तो सगळा संच आता केडगावला माझ्याकडे आहे. परवा मामी आली, तेव्हा मी मामांच्या आवडीचा अभंग लावला. तिने सवयीने खुर्ची भिंतीकडे वळवली. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "डबा लावला न्हाईस व्हय रं?"

डबा लावलेलाच होता. मग मी चप्पल काढली आणि टाच फरशीवर आपटायला लागलो. ठक, ठक.

मामी भिंतीकडे बघत खुदकन हसली.

"हां," ती म्हणाली, "आता लागला."