कॅरलचा फोनचा तास

कॅरल गेल्याचा मेसेज तिच्या मुलीने पाठवला तेव्हा मी नेपरव्हिलच्या लायब्ररीत, आमच्याच वर्गात, फळा पुसत होते. पाच आठवडे झाले. इतके दिवस लिहवलं नाही... दुःखापेक्षा लाजच जास्त वाटत होती, खरं सांगायचं तर.

आमचा वर्ग म्हणजे इथे परदेशात मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांचा इंग्रजीचा वर्ग, दर मंगळवारी सकाळी. मी नागपुरात तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे मला तोरा भारी. कॅरल इथलीच, निवृत्त शिक्षिका. दोघींनी एकत्र शिकवायचं ठरलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, एका म्यानात दोन तलवारी! पण बाई मोठी लाघवी निघाली. तिची खासियत फोनचा तास. आपली माणसं समोरासमोर हातवारे करून वेळ निभावतात, पण डॉक्टरच्या ऑफिसात फोन लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो. म्हणून कॅरल पाठ फिरवून बसायची आणि रिसेप्शनिस्ट व्हायची. मी फोन करणाऱ्याच्या शेजारी बसून धीर द्यायचे. जोशीकाका, एवढे रिटायर्ड इंजिनिअर, पण कशालाही "यस, यस" म्हणायचे. एकदा तिने अगदी शांतपणे विचारलं, "आर यू प्रेग्नंट?" काका म्हणाले, "यस, यस." अगं बाई, काय हसलो आम्ही! सगळ्यात मोठ्याने काकाच. त्यानंतर मात्र ते नीट ऐकून उत्तरं द्यायला लागले.

गेल्या हिवाळ्यात तिला कॅन्सर निघाला. केमो सुरू झाल्यावर एकदा लोकरीची टोपी घालून, बर्फातून ड्राइव्ह करत वर्गात आली आणि मला म्हणाली, "वसुधा, बाकीचं तू घे. फोनचा तास माझ्याकडे राहू दे. माझा नंबर दे त्यांना. मी पलंगावरून रिसेप्शनिस्ट होईन." मी काय म्हणावं? "अगं, आधी तब्येत! क्लास कुठे पळून जातोय? तू फक्त रेस्ट घे, मी बघते सगळं." आपल्याकडे आजारी माणसाला असंच म्हणतात ना! त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि मऊ भाताची वाटी द्यायची, की झाली माया. ती म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू रेस्ट." मला वाटलं, बाई भिडस्त आहे, आपल्यासारखीच वरवर नको-नको म्हणतेय. तिला काय हवं ते ती सरळ सांगत होती, आणि मी शहाणी त्यात भीड शोधत बसले. वर्गाला तिचा नंबर दिलाच नाही, वर तंबी दिली, कुणीही तिला फोन करून त्रास द्यायचा नाही. डबे मात्र नेमाने पोचवले. दारात ठेवायचे आणि बेल न वाजवता परतायचे, तिची झोप मोडायला नको म्हणून.

तिच्या स्मरणसभेनंतर मुलीने मला बाजूला घेतलं. रागावून नाही, सहज सांगत होती. मंगळवारी सकाळी आई फोन उशाशी घेऊन बसायची म्हणे. शेजारी कागदावर रिसेप्शनिस्टचे प्रश्न लिहिलेले, प्रत्येकासाठी वेगळे. अकरा वाजून गेले की म्हणायची, "आज बिझी असतील." ...मी घरी येऊन खूप रडले. पण आता काय उपयोग, बैल गेला आणि झोपा केला. जगात अंथरुणावर पडून घेता येईल असा एकच तास होता, आणि तोच मी तिच्याकडून काढून घेतला. तेही प्रेमाने.

गेल्या मंगळवारी तिच्या जागी मी बसून पाहिलं. जमलं नाही. वर्ग सुटल्यावर सगळे गेले, जोशीकाका तेवढे थांबले. कोट चढवत म्हणाले,

"कॅरलबाईंचा नंबर होता का हो तुमच्याकडे?"

"होता."

काका बराच वेळ कोटाची बटणं लावत राहिले.

"मला येत होतं आता फोनवर बोलायला," ते म्हणाले. "मी केला असता."