बीजगणितातला खो-खो

रेणापूरच्या आमच्या शाळेत वाजिद सर खेळ शिकवायचे आणि मी चित्रकला. दोघांचेही तास गणिताचे शिक्षक मागून न्यायचे, त्यामुळे आमची दोस्ती झाली. सरांबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून मला जमेल तसं लिहितो.

भूकंपानंतर पालक मुलांना स्लॅबखाली बसू देईनात. इंजिनिअरसाहेब येऊन इमारत धड आहे असं सांगून गेले. पण त्यांनी ते मैदानात उभं राहून सांगितलं, त्यामुळे कुणाला पटलं नाही. मैदानावर पत्र्याचे शेड उठले, वर्ग तिथं भरू लागले आणि इमारत रिकामी पडली. मग वाजिद सरांनी मुलींचा खो-खो सभागृहात नेला.

कॅप्टन शिल्पाचे वडील हणमंतराव रागारागानं आले. दारातच थांबले.

"सर, वर्ग बाहेर आन् खेळ आत? हे काय करायलात तुम्ही?"

"भाऊ, भूकंपात बसलेला अडकतो. पळणारा दार गाठतो. या पोरी पळायल्याच."

"आन् त्या रांगेत बसल्यात त्या?"

"त्या उठायच्या तयारीतच बसल्यात."

हणमंतरावांना हे पटलं.

पावसाळाभर पोरी आत आदळल्या, घसरल्या, पण भिंतीचा पोपडासुद्धा पडला नाही. ते बघून पालकांचा इमारतीवर विश्वास बसला आणि सगळे वर्ग आत आले. आता मैदान आपलं, म्हणून सरांनी आखायला चुना आणला. पण तोवर लातूरच्या शिकवण्यांचं वारं आमच्यापर्यंत पोचलं होतं. संस्थेचे सचिव ईश्वरप्पा यांनी शेड दहावीच्या जादा तासांना दिले.

"आणि खेळ कुठं घेऊ, साहेब?"

"ते तुम्ही बघा. यंदा तालुक्याला संघ गेला न्हाई, तर खेळाचं पद ठेवून काय करायचं? तुम्हाला घंटेवर बसवू."

सर शेडमध्ये फिरून आले. आत दोन लोखंडी खांब होते आणि त्यांच्या मधोमध दहावीच्या, म्हणजे संघातल्याच मुलींची रांग बसायची. ते तडक बीजगणिताच्या वीरण्णा सरांकडे गेले.

"एक पोरगी फळ्याकडे तोंड करून बसंल, दुसरी पाठ करून. फळ्यावर गणित सोडवलेलीनं पळत येऊन मागून कुणालाबी खो द्यायचा. मग तिनं उठून पुढलं सोडवायचं."

"पाठ केलेल्यांना फळा कसा दिसायचा?"

"मागं दुसरा लावू."

"आणि मी?"

"तुमीबी पळा."

पोरी पळू लागल्या, वीरण्णा सर मात्र आठवडाभर खुर्चीतून हलले नाहीत. पण खो कधी येईल याचा नेम नसल्यानं त्यांच्या तासाला पोरी झोपेनाशा झाल्या, तेव्हा ते विरघळले. धापा टाकत एकच समीकरण दोन्ही फळ्यांवर लिहू लागले. दिवाळीपर्यंत त्यांचं पोट उतरलं. शिट्टीला मात्र त्यांनी बंदी घातली. वाजिद सर ती न वाजवता नुसती तोंडात धरून रांगेच्या कडेनं फिरायचे.

संघ तालुक्याला गेला. पहिल्याच सामन्यात शिल्पाला खो मिळाला. ती उठली, सवयीनं "एक्स बरोबर चार" म्हणाली आणि मग पळाली. बाकीच्यांचंही तेच. उत्तर सांगून होईपर्यंत समोरची मुलगी दुसऱ्या खांबापाशी पोचलेली असायची. आम्ही सपाटून हरलो. पंचांनी खेळ थांबवून ही कसली भाषा म्हणून विचारलं. हणमंतराव कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते, "उत्तर बरोबर हाय! उत्तर बरोबर हाय!"

हरला का असेना, संघ गेला होता. पद राहिलं. ईश्वरप्पांनी सगळ्या शिक्षकांसमोर सरांच्या गळ्यात हार घातला आणि जाहीर केलं, की पुढच्या वर्षापासून वाजिद सर पूर्ण वेळ बीजगणितच बघतील.

सर हार काढून माझ्याशेजारी येऊन बसले.

"गुरुजी, पद वाचलं," ते म्हणाले. "आता सायबाला म्हणा, शाळेला खेळाचा एखादा मास्तर बघा."