दोन चापट्या

जिने चढायचे नाहीत, जमिनीवर बसायचं नाही आणि वजन उचलायचं नाही, असं मी शकूताईंना बजावून सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात त्या जिने चढून, गादीवर बसून स्वतःच्या सुनेला अंगावर घेत होत्या. फिजिओथेरपिस्टचं कोण ऐकतं म्हणा! सदाशिव पेठेत तर डॉक्टरचंही कुणी ऐकत नाही.

शकूताई धायरीच्या. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, दणकट. तरुणपणी डोक्यावरून गवताचे भारे आणलेले, त्यामुळे मान आणि खांदे अजून पैलवानी होते. गुडघे मात्र कामातून गेलेले. जिथे त्यांचा मळा होता तिथे आता सात मजली इमारत आहे आणि तिच्यातल्या एका मजल्यावर त्या, त्यांचा मुलगा विक्रम आणि सून पूर्णिमा राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. विक्रम काय करतो असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाडं गोळा करतो आन् गाडी धुतो." त्यात कौतुक नव्हतं आणि तक्रारही नव्हती.

गुडघ्याला शेक घ्यायला त्या माझ्याकडे यायच्या, बरोबर पूर्णिमा असायची. ती वाशीमकडची. नोकरीसाठी पुण्यात आली, विक्रमशी ओळख झाली, लग्न झालं, नोकरी सुटली. माहेरी आई नाही, बापाने दुसरं लग्न केलेलं. हे सगळं मला शकूताईंनी सांगितलं. पूर्णिमा स्वतः काही सांगत नसे. उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचे कुडते घालायची. एकदा पाण्याचा पेला उचलताना बाही वर सरकली आणि मी पाहिलं. मनगटावर चार बोटं जशीच्या तशी उमटलेली होती. मी पाहिलं ते शकूताईंनीही पाहिलं.

"पडली," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या हातावर?" मी विचारलं.

तेवढ्यात वरून धप्पकन आवाज आला. आमच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आयुष नावाचा एक मुलगा जिउ-जित्सू शिकवतो. ब्राझीलमधली कुस्तीच म्हणा, पण जमिनीवरची. सकाळी आयटीवाले, दुपारी बायकांची बॅच. माझ्या डोक्यावर रोज माणसं आदळत असल्यामुळे मी आधी भांडायला गेले होते आणि नंतर तिथेच नाव घातलं होतं. नाहीतरी दुपारी पेशंट फारसे नसतात.

"वर काय पडतंय?" शकूताईंनी विचारलं.

"बायका. पडायचं कसं, अंगावर कुणी बसलं तर निसटायचं कसं, आणि समोरच्याला धरून ठेवायचं कसं, ते शिकवतात."

"मारायला शिकवत्यात?"

"नाही. यात मारत नाहीत. नुसतं धरतात, आवळतात. समोरचा हरला म्हणाला की सोडतात."

शेक संपवून जाताना दारात थांबून शकूताईंनी पुन्हा विचारलं, "म्हंजी मार न्हाईच ना त्यात? कुणालाच लागत न्हाई?"

आता हे सांगायलाच हवं की मला त्या वेळी फार राग आला होता, आणि आजही येतो. मी त्यांना स्पष्ट म्हटलं होतं, की पोलिसांत जा, महिलांची हेल्पलाइन आहे, मी बरोबर येते. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पोटचा हाय." मग पूर्णिमाला दुसरीकडे ठेवा, असं म्हटलं. "मग मी कुणासंगं राहू?" या बाईला मुलगा हवा होता, सूनही हवी होती, दोघंही धडधाकट हवी होती. मुलगा हात उगारील, सून त्याला अलगद धरून ठेवील, तो दमेल, शांत होईल, आणि मग तिघं जेवायला बसतील, असं काहीतरी चित्र त्यांनी मनाशी रंगवलं होतं. इतकी भाबडी आशा मी कुठे पाहिली नाही. पण पूर्णिमाकडे तीसुद्धा नव्हती, म्हणून मी तोंड बंद ठेवलं.

पूर्णिमाचं नाव वरच्या क्लासमध्ये घातलं. विक्रमला सांगायचं काय, तर गुडघ्याचा शेक लांबलाय. त्या खोटेपणात मीही सामील झाले. आणि सुनेला एकटीला पाठवायचं नाही म्हणून शकूताईंनी स्वतःचंही नाव घातलं.

पहिल्या दिवशी त्या पूर्णिमाची ट्रॅक पँट घालून, वर जाड पांढरा अंगरखा आणि पट्टा बांधून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी आधी आरशाकडे पाठ केली. मग मला म्हणाल्या, "हसा की. किती वेळ दाबून धरता?" मी हसले. त्याही हसल्या. पूर्णिमा हसताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली.

आयुष पोरगा चांगला. मराठी बोलता बोलता इंग्रजीत शिरायचा आणि शकूताईंचा चेहरा पाहून परत यायचा. त्याने सगळ्यात आधी शिकवला तो टॅप. आवळलेलं सहन होईनासं झालं की हाताने दोनदा चापटी मारायची. समोरच्याच्या अंगावर मारा, गादीवर मारा, कुठेही. "आणि चापटी ऐकू आली की विचार करायचा नाही," तो म्हणायचा. "कोण, का, खरंच का, काही नाही. हात उघडायचे. बस. हा रूल मोडला तर माझ्या क्लासमध्ये नो एंट्री." तो हे रोज म्हणायचा. हात उघडण्याचा सराव त्याने आमच्याकडून इतका करून घेतला, की शेजारच्या जोडीने चापटी मारली तरी माझे हात सुटायचे.

शकूताई आणि पूर्णिमा ही जोडी कायमची. शिकायचं पूर्णिमाने, आणि शकूताईंनी शरीर द्यायचं. त्या पाठ करून बसायच्या. पूर्णिमा मागून पायांचा वेढा घालायची, एक हात गळ्याखालून नेऊन दुसऱ्या दंडावर टेकवायची आणि आवळायची. म्हणजे आवळणार असायची. तिचा हात हनुवटीला लागायच्या आतच शकूताईंच्या दोन चापट्या पडलेल्या असायच्या.

"काकू, अजून लागलंच नाही!" आयुष ओरडायचा.

"लागणारच हाय की. मग कशाला वाट बघायची?"

"अहो, थोडं तरी थांबा. तिला कळायला नको का?"

"तिला कळलंय. माझीच मान हाय ना? मला ठावं."

एकदा गुडघा फारच सुजला म्हणून शकूताई कडेला खुर्चीवर बसल्या आणि पूर्णिमाला माझ्याबरोबर दिलं. तिने माझ्या मागून जी कोंडी घातली ती अगदी पक्की होती. मी ठरवलं होतं की जरा सोसून बघायचं. माझा चेहरा लाल झाला असेल, कारण शकूताई खुर्चीवरून उठल्या, लंगडत आल्या आणि पूर्णिमाच्या खांद्यावर त्यांनी दोन चापट्या मारल्या. पूर्णिमाने मला लगेच सोडलं. सगळी बॅच हसत सुटली. आयुषने कपाळाला हात लावला. "काकू, दुसऱ्याच्या वतीने टॅप नसतो!"

"मरंल ना बाई," शकूताई म्हणाल्या.

दिवाळीनंतर पूर्णिमा चांगली तयार झाली. आमच्यात तीच हुशार होती. मानेत ताठपणा आला होता, जिना उतरताना ती सासूच्या पुढे चालायला लागली होती. मला त्या दिवसांत उगाच बरं वाटायचं. तसं वाटायला नको होतं.

मग त्या दोघी यायच्या थांबल्या. फोन लागेना. लागला तेव्हा विक्रमने उचलला, "गुडघा बरा हाय," म्हणाला आणि ठेवला.

दीड-दोन महिन्यांनी त्या दारात उभ्या राहिल्या. पूर्णिमाचा उजवा हात नुकताच प्लास्टरमधून निघाला होता. मनगटाजवळ दोन्ही हाडं मोडली होती, आणि बोटं वळत नव्हती. व्यायाम करून घ्यायला डॉक्टरांनीच पाठवलं होतं. विक्रम खाली गाडीत बसला होता. शकूताई बाहेरच्या बाकावर बसल्या, आत आल्या नाहीत.

मी पूर्णिमाची बोटं एकेक करून वाकवत होते आणि ती भिंतीकडे बघत सांगत होती. बाथरूममध्ये पडले हे हॉस्पिटलला सांगितलं, म्हणाली. खरं असं झालं, की रविवारी दुपारी जेवताना भाजी खारट झाली होती. विक्रमने ताट सरकवलं, उठला आणि तिची वेणी धरली. तिने शिकवलं होतं तसंच केलं. खाली गेली, फिरली, त्याच्या मागे आली, पायांचा वेढा घातला, हात गळ्याखाली गेला.

"बसला, मॅडम. इतका नीट क्लासमध्येही कधी बसला नव्हता. ते एवढे मोठे, पण त्यांना हलता येत नव्हतं. मला वाटलं, झालं. आता झालं."

"मग?"

"मग चापट्या पडल्या."

"विक्रमच्या?"

तिने मान हलवली. "त्यांना कुठून माहीत असणार? आई स्वयंपाकघराच्या दारातून आल्या. माझ्या खांद्यावर दोनदा. मी विचार केलाच नाही हो. हात उघडले."

विक्रम उठला. दाराचा लोखंडी अडसर हाताशी होता. पुढचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"रागावलीस का त्यांच्यावर?" पुढचं बोट वाकवत मी म्हटलं.

"कशाला? आम्ही तेवढंच तर शिकलो होतो." मग म्हणाली, "आता हे जेवायला भिंतीला पाठ लावून बसतात. मला मागे येऊच देत नाहीत. ते आता पुन्हा होणार नाही, मॅडम."

मी पुन्हा तेच सगळं बोलले. हेल्पलाइन, पोलीस, राहायची सोय, माझं घर. माझा आवाज चढला. ती ऐकून घेत होती, जशी माणसं बँकेत रांगेत उभी राहून पंख्याचा आवाज ऐकतात. "बघू," म्हणाली. तिचं "बघू" मला कळतं. मी तिचा हात शेकासाठी वितळलेल्या कोमट मेणात बुडवून काढला, वरून टॉवेल गुंडाळला आणि घड्याळाची घंटी लावून बाहेर आले.

शकूताई बाकावरून उठल्या. "वर कुणी हाय का आता?"

"नाही. बॅच चारला."

"चला जरा."

मी नको म्हणत असताना त्या जिना चढायला लागल्या. प्रत्येक पायरीवर कठडा धरून, गुडघा वर ओढून. किल्ली माझ्याकडे असते. आत गेल्यावर त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि गादीच्या मधोमध माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"लावा."

"शकूताई, उगाच वेडेपणा नको."

"लावा म्हंते ना. पूर्णिमा लावायची तशी."

त्यांच्या आवाजाला मी घाबरले, हे खरं. मी मागे बसले, हात गळ्याखालून नेला. त्यांच्या अंगाला बामचा वास येत होता. सवयीने त्यांचा उजवा हात वर उठला. त्यांनी तो खाली घेतला आणि मांडीखाली दाबून त्यावर बसल्या. मी थोडं आवळलं.

"अजून," त्या म्हणाल्या.

मी आवळलं. त्यांच्या मानेतली शीर माझ्या दंडाला जोरजोरात लागत होती. चापटी येईना. मला वाटलं आता येईल, आता येईल. आली नाही. त्या काहीच करत नव्हत्या, नुसत्या बसून होत्या, वाट बघत असल्यासारख्या. शेवटी त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर जड व्हायला लागलं तेव्हा मीच घाबरून सोडलं.

त्या पुढे झुकल्या, खोकल्या. पदराने तोंड पुसलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खोकल्याचं की कशाचं ते मला सांगता येणार नाही. मी पाठीवरून हात फिरवायला गेले तर त्यांनी तो बाजूला केला.

"मी कधी थांबलेच न्हाई ना इथं," त्या म्हणाल्या. "हात लागायच्या आधीच सोड म्हणायची. मला वाटलं लगेच मरतंय मानूस."

खाली मेणाच्या शेकाची घंटी वाजायला लागली. त्यांनी ती ऐकली, पण उठल्या नाहीत.

"त्याला अजून लई वेळ हुता, बाई," त्या म्हणाल्या. "लई वेळ हुता."

रस्त्यावरून विक्रमने गाडीचा हॉर्न दिला. शकूताई उठल्या, त्यांनी चपला घातल्या, जिन्याच्या कठड्याकडे हात नेला आणि एकेक पायरी करत खाली उतरायला लागल्या.