जावयाचे पांढरे बूट

बूट हातात आला की तो आधी उलटा करायचा. तुम्हीआम्ही रंग पाहतो, लेस पाहतो. हा तळवा पाहायचा. गोंदियाच्या बाजारात दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, पहनना है या पढना है?" यानं मान वर न करता उत्तर दिलं, "वाचूनच रायलो, बाबू."

तो आमच्याकडे रोजंदारीचा वनमजूर होता आणि मी तिथला नाकेदार, म्हणजे वनरक्षक. हुद्दा माझा मोठा, पण जंगल त्याचं. सात वर्षं आम्ही एकाच पायवाटेनं गस्त घातली. वाघाचा ठसा दिसला की तो काडीनं भोवती गोल आखायचा, वर पानं झाकायचा आणि मगच मला हाक मारायचा. माणसांचे ठसेही तो तसेच वाचायचा.

आपण इतिहास पुस्तकात शोधतो, त्यानं तो चिखलात पाहिला होता. "पहिले नुसते पाय दिसत, सायेब. मंग टायरच्या चपला आल्या. मंग शाळेतले पांढरे कापडी बूट, कवायतीसाठी खडू फासलेले. आता पाहा, म्हातारा असो का पोट्टा, साऱ्याइच्या पायात हे फुगे!"

फुगे म्हणजे स्नीकर. जाड, मऊ तळव्यावरून त्यानंच ठेवलेलं नाव. स्वतः मात्र अंगठा बाहेर आलेल्या कॅनव्हासच्या बुटांत फिरायचा.

त्या दिवशी बाजारात गेलो होतो ते त्याच्या जावयासाठी. एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. जावयानं सूट नको म्हटलं, गाडी नको म्हटलं, फक्त पांढरे स्नीकर मागितले. लग्नात चालतात, शेतात चालतात, तिरोड्याला कामावर जातानाही चालतात, असं त्याचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. पुढे त्यानं दुसरे बूट पायात घातलेच नाहीत. मांडवात सासरा ज्याला त्याला ऐटीत सांगत होता, "तळवा मी पसंत केलो जी."

दोन वर्षांनी, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, आम्ही संध्याकाळच्या गस्तीवर होतो. नाल्याकाठी खुंट्यांना उघडी तार बांधलेली दिसली. रानडुकरासाठी. वरच्या विजेच्या लाइनवर आकडा टाकून रात्री करंट सोडायचा, एवढंच बाकी होतं. करंटशी खेळणारा माणूस रबरी तळवा घालूनच येतो. ओल्या मातीत बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते.

तो खाली बसला. ठशातल्या डाव्या टाचेचा बाहेरचा कोपरा झिजलेला होता. त्याचा जावई तसाच पाय घासत चालायचा.

"कोणाचा?" मी विचारलं.

"माह्या घरचा हाये, सायेब."

आता तुमच्यापासून काय लपवू? मीच म्हणालो, "पुसून टाका. मी काही पाहिलं नाही." त्या लेकीच्या लग्नात मी जेवलो होतो. खात्याचा माणूस असून हे बोललो, त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आज वाटते.

"तुमी नाही पाहिले जी. मी त पाहिलो ना." तारेकडे बोट दाखवत तो म्हणाला, "आज तार काढली त उद्या तो फेर लावन. याच वाटेनं बाया अंधारात मोहा वेचाले येतेत."

मग त्यानं काडी घेतली आणि ठशाभोवती गोल आखला. गोल नीट जमला नाही.

जावई पकडला गेला. काही महिन्यांनी जामिनावर सुटलाही. पण लेकीनं माहेर तोडलं ते तोडलंच. दर सणाला म्हातारा दार उघडं टाकून बसायचा. "येईन जी, पोरगी हाये," म्हणायचा. ती आली नाही. मीही मध्ये पडलो नाही.

मागच्या हिवाळ्यात तापानं तो गेला, तेव्हा ती आली. माती दिल्यावर सगळे पांगले, तशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सायेब, तुमी होते ना त्या दिवशी? बाबानं ठसा काऊन नाही पुसला?"

मोहा वेचणाऱ्या बायांबद्दलचं त्याचं वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

ती म्हणाली, "त्या साली मी बी त्याच वाटेनं जात होती. बाबाले मालूम होतं का?"

मला माहीत नव्हतं. मी हो म्हणालो.