देवरूखच्या उतारावरचा विश्रामदादा

‘चालकाचा ताबा सुटल्याने मोटार दरीत कोसळली.’ सात आठवड्यांपूर्वी विश्रामदादाच्या मृत्यूची बातमी आमच्याकडच्या एका साप्ताहिकात एवढ्याच ओळीत आली. नावसुद्धा नव्हतं. नुसता चालक. मी पत्रकांवर वाढलेला माणूस, खोट्या ओळीवर तुटून पडायचं एवढंच मला येतं. तरी या ओळीपुढे मी गप्प बसलो… कारण खरी ओळ लिहायची तर तिच्यात मला यावं लागतं.

विश्रामदादा समुद्रकाठच्या भाट्याचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या आणि जाळी. तो एकटाच मुंबईच्या गॅरेजात दहा वर्षं राबून परत आला आणि वकीलसाहेबांची मोटार चालवू लागला. वकीलसाहेब कुळांच्या बाजूने खोतांविरुद्ध खटले लढवत, मी त्याच कुळांसाठी पत्रकं लिहीत असे. तेव्हापासून आमची ओळख. त्या मोटारीचे ब्रेक नव्या पद्धतीचे, नळीतल्या तेलावर चालणारे. त्या तेलात हवा शिरली की पायाखालचा पेडल लोण्यासारखा मऊ होतो. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली आडवं होऊन चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा. मी पत्र्याच्या शेडीत दिसलो की तो विचारायचा, “काय पत्रकवाले, पाय रिकामा हाय का?” मग मी आत बसून पेडल दाबायचो आणि दाबता दाबता खोतीवर बोलत सुटायचो. खालून आवाज यायचा, “भाषान थांबव. तू तापलास की पाय हलतो.” काचेच्या बरणीत बुडबुडे यायचे थांबले की तो खूश. जात कुठली, शाळा कुठवर, हे मला त्याने कधी विचारलं नाही. शेडीत बसून माझी पत्रकं मात्र तो बोट ठेवून ओळन्‌ओळ वाचायचा.

भाद्रपदातली गोष्ट. उभ्या भाताचा अंदाज घेऊन कुळांनी द्यायचा वाटा ठरवायला खोतांची माणसं शेतात उतरायची होती. त्याच्या आधी देवरूखला कुळांची सभा व्हायलाच हवी होती. मोटारीने मी आणि पत्रकांचे गठ्ठे जाणार होतो. सकाळी शेडीत गेलो तर विश्रामदादा बोटांवर तेल चोळून वास घेत होता. तो गणपतीला घरी गेला असताना वकीलसाहेबांच्या कारकुनाला ब्रेकचं तेल कमी दिसलं. पावसाळ्यात मुंबईची बोट बंद, गावात ते तेल मिळत नाही. त्याने इंजिनाचं तेल ओतून ठेवलं. तेलासारखं तेल, त्याला काय ठाऊक? त्या तेलाने आतली रबरं फुगून मऊ पडली होती.

आम्ही सगळं तेल काढलं. दादाकडे खऱ्या तेलाचा थोडा साठा होता, तो घातला, चारही चाकांची हवा काढली. पेडल दोनदा मारला की घट्ट उभा राहू लागला. मला वाटलं, झालं. दादा म्हणाला, धरून ठेव. मी धरून ठेवला… आणि तो माझ्या पायाखाली हळूहळू, अगदी सावकाश, खाली सरकत गेला.

“ही हवा नाय, गळती हाय,” तो म्हणाला. “हवा मी काढीन. गळतीला रबर लागतं, आनि रबर बोट सुरू झाली की तिच्यातून येनार. आठ दिवस थांब. आज उतारावर मोटार न्यायची नाय.”

आठ दिवसांत खोतांनी अंदाज करून टाकला असता. कुळं चार-चार कोस चालत येणार होती. मी हे सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. तो नाहीच म्हणत राहिला. तेव्हा मी म्हणालो, “दादा, तुला ब्रेकची भीती नाही. तुला खोतांची भीती आहे.”

त्याने हात पुसले आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

सगळा रस्ता त्याने खालच्या गिअरमध्ये काढला. देवरूखच्या अलीकडचा मोठा उतार आला तिथे मोटार थांबवली, मला उतरवलं, गठ्ठेही उतरवले. वजन कमी हवं, म्हणाला, तू चालत ये, मी खाली थांबतो. मी रागातच होतो. त्याच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. मोटार वळणाआड गेली. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज एकदम वाढला… मग तो आवाजच राहिला नाही. हँडब्रेकची तार तुटली होती, हे मागून कळलं.

सभा झाली नाही. सभेला आलेल्या कुळांनी त्याला दरीतून वर आणलं. खोतांची माणसं ठरल्या दिवशी शेतात उतरली, हवा तो अंदाज लिहून गेली. मी जन्मभर दुसऱ्यांच्या भित्रेपणावर लिहीत आलो. एका माणसाला भित्रा म्हणून मी उतारावर ढकललं, आणि त्यातून कुणाचं काहीही भलं झालं नाही. यावर कुठलं पत्रक काढायचं?

गेल्या आठवड्यात भाट्याला वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या जाळ्याची गाठ मारत होत्या. बराच वेळ हात थांबले नाहीत. मग विचारलं, “भावजी, म्हंजे ह्यांनी नको सांगितला होता?”

“हो.”

“मग तेवढा छापा. लोक म्हनतात, ह्यांना गाडी येत नव्हती.”

निघताना पायरीशी करवंटीत राख भरून ठेवलेली दिसली. तेलकट हात घासायला त्याला लागायची. वहिनी अजून रोज भरतात. वाऱ्याने थोडी उडाली होती, ती त्यांनी मुठीने पुन्हा सारखी केली, आणि मी बाहेर पडलो.