माझ्या पुस्तकात मोजे नव्हते

अंबरनाथ पूर्वेला आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत चटई टाकून मी अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी स्वतः पदरात दोन मुलं घेऊन, डिक्शनरी मांडीवर ठेवून, घरबसल्या बी.ए. झालेली. त्यामुळे मनात कायम धाकधूक, की कुणीतरी उठून विचारेल, बाई, तुम्हाला खरंच येतं का? अशी धाकधूक असलेलं माणूस दुसऱ्यांवर संशय घेण्यात फार तरबेज होतं. मी झाले होते.

तेव्हा एक जुनी इंग्लिश कादंबरी नेमलेली होती. नाव नाही सांगत, त्या बिचारीचा यात काही दोष नाही. सावत्र आई एका पोरीला घराबाहेर काढते आणि ती पोर परक्यांच्या घरी राबत मोठी होते, अशी गोष्ट. माझी प्रत रद्दीतली. खिळखिळी झाली म्हणून मी ती बाइंडिंग करून घेतली आणि फाटक्या पहिल्या पानावर ब्राऊन पेपर चिकटवला. मुलं पुस्तक विकत घेत नसत, मी सांगेन ते वहीत उतरवत. अशा दोन बॅचेस त्या प्रतीवर निघाल्या.

तिसऱ्या वर्षी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधून एक सिंधी मुलगी यायला लागली. चाचणीत तिनं लिहिलं, की सावत्र आई दुष्ट नव्हतीच, दर हिवाळ्यात ती लोकरीचे मोजे विणून चोरून त्या पोरीला पाठवायची. मोजे? मी पुस्तक दोनदा चाळलं. मोजे कुठेच नाहीत. लाल पेनानं लिहिलं, 'पुस्तकात नाही', आणि वीसपैकी चार मार्क दिले.

"है ना मॅडम पुस्तकात," ती म्हणाली.

"व्हिडिओवर पिक्चर बघितलास ना?"

"नाही मॅडम. उद्या आणून दाखवते."

तिनं आणलं ते माझ्या पुस्तकाच्या दुप्पट जाड. त्यात मोजे होते. सावत्र आईची अख्खी दोन प्रकरणं होती. कुठून घेतलंस म्हणून विचारलं, तर कॅम्प तीनच्या बाजारातून. मागून एक पोरगा म्हणाला, "उल्हासनगरचा माल, मॅडम. डुप्लिकेट असणार." सगळे हसले, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. साबण म्हणा, घड्याळ म्हणा, फॉरेनच्या शिक्क्याची पॅन्ट म्हणा, तिकडे काय बनत नाही असं लोक म्हणायचे. मग पुस्तक का नाही?

मी पुस्तक ठेवून घेतलं आणि मार्क तसेच ठेवले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा बोललेत, या चाचणीत नापास झाले तर क्लास बंद. वर्कशॉपवर बसायचं." त्यातही मला वाटलं, पोरगी दबाव टाकतेय.

चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी दोन्ही पुस्तकं आणि तिचा पेपर पिशवीत घालून मी शेअर रिक्षात बसले. मुलीला बाजारात कुणीतरी फसवलंय, हे वडिलांना सांगणं माझं कर्तव्यच होतं, असं मी स्वतःला सांगत होते.

वडिलांचं जीन्स शिवायचं वर्कशॉप होतं. चार मशिनी खडखडत होत्या. मुलगी खाली बसून शिवणीचे सुटे धागे ब्लेडनं कापत होती. वडिलांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"डुप्लिकेटचं आम्हाला विचारा ना, बाई. डुप्लिकेट में माल कम डालते हैं. कपडा पतला, धागा कच्चा. जास्त माल घालून कोण बुडेल? इतनी पानं फुकट लिहायला तो येडा आहे काय?"

कारागीर हसले. वडिलांनी एकेका हातात एकेक पुस्तक घेऊन तोललं.

"पतला किसका है?"

"माझं."

"और ये कागज क्यों चिपकाया?"

"फाटलं होतं म्हणून."

त्यांनी मुलीकडून ब्लेड घेतलं आणि ब्राऊन पेपर कडेकडेनं सोडवला. खाली बारीक इंग्रजी अक्षरं निघाली.

"मेरेको इंग्लिश नहीं आता. तुम्ही वाचा."

मशिनी थांबल्या होत्या. मी मनात वाचलं: खालच्या इयत्तांसाठी संक्षिप्त केलेली आवृत्ती. छापखान्याचा पत्ता आहे म्हणाले असते तरी त्यांना खरं वाटलं असतं. पण मुलीला वाचता येत होतं. तिनं मान उंचावून ते पान पाहिलं, मग खाली बघून बोटांनीच धागे तोडायला लागली.

मग मी मोठ्यानं वाचलं आणि अर्थही सांगितला. "माझं पुस्तक अर्धं आहे. दोन वर्षं मी यातूनच शिकवलं. हिनं लिहिलेलं बरोबर होतं."

"दो साल से अधूरा पढ़ा रहे थे?"

"हो."

वडिलांनी आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बेटीनं पटवलं तर नाही ना तुम्हाला?"

"तुमच्यासमोरच बसलीय. तोंड तरी उघडलं का तिनं?"

पॅन्टींच्या गठ्ठ्यावर तिचा पेपर ठेवून मी 'पुस्तकात नाही' खोडलं आणि चारचे सतरा केले. वडील वाकून बघत होते.

"तीन कशाचे कापले?"

"तीन ठिकाणी गावांची नावं चुकलीत."

त्यांनी पेपर मुलीकडे दिला. "देख, बराबर है?"

तिनं माझ्याकडे न बघता जाड पुस्तक उघडलं, पानं लावून पाहिली. बराच वेळ लागला.

"दोन, मॅडम," ती म्हणाली. "तिसरं बरोबर आहे. ते गाव तुमच्यात नसेल."

मी अठरा केले. वडिलांनी ते जाड पुस्तक तिच्या हातात दिलं आणि मला म्हणाले, "कल से आएगी. पण शिकवायचं याच्यातून."